करंगळीची जागा

नाताळ होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी ओत्ताव्हियोच्या हातून कॉफीचा कप निसटला, आणि तो खाली बघण्याऐवजी स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. कप सुटल्याचं त्याला आवाजावरून कळलं होतं.

"करंगळी," तो म्हणाला. "झोपली आहे."

"मुंग्या येतायत?"

"मुंग्या आधी यायच्या. आता काहीच येत नाही."

मी त्याचा डावा हात ओढून घेतला, करंगळीचं टोक दाबलं, मग नख रुतवलं. त्याचा चेहरा तसाच राहिला. 

व्हायोलिनवर डाव्या हाताची चार बोटं धावतात, आणि सगळ्यात लांबची उडी करंगळीला मारावी लागते. माझा नवरा जेनोआच्या नाट्यगृहात वाद्यवृंदाच्या पहिल्या खुर्चीवर बसायचा. त्याचा गज उचलला की बाकीच्यांचे गज उचलले जायचे. त्याशिवाय त्याची आणखी एक ओळख होती. त्याचे गुरू लाझारो क्वेइरोलो यांनी एकट्या व्हायोलिनसाठी बारा तुकडे रचून ठेवले होते, इतके अवघड की लोक ते विकत घेऊन भिंतीवर टांगतात अशी थट्टा व्हायची. त्यातला सातवा तर गुरूंच्या मागे फक्त ओत्ताव्हियोच वाजवायचा. बाजारातली मासेवालीसुद्धा मला विचारायची, "सातवा कसा आहे, सिन्योरा?" जणू काही आमचं ते शेंडेफळ.

त्या सकाळी फुटलेला कप मी गोळा करत होते तेवढ्यात त्याने मला ग्वार्दियाच्या मातेच्या, आमच्या देवमातेच्या, तसबिरीसमोर उभं केलं.

"कुणाला बोलणार नाहीस."

"डॉक्टरला तरी?"

"या गावातला कुठला डॉक्टर नाट्यगृहात येत नाही ते सांग. एकाला कळलं की जिन्याजिन्यानं उतरत बंदरापर्यंत जाईल. ओत्ताव्हियो त्राव्हेर्सोचा हात गेला. मग मी कोण राहिलो?"

मी शब्द दिला. माझ्याकडून दिलेला शब्द मोडला जात नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो मागत होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर माएस्त्रो क्वेइरोलो यांची जन्मशताब्दी येत होती. नाट्यगृहाने नीव्हेस दापेलोला काम दिलं: त्या बारा तुकड्यांतून अख्ख्या वाद्यवृंदासाठी एक नवी रचना करायची. नीव्हेस लहानपणी ओत्ताव्हियोकडेच शिकायला यायची. पुढे व्हायोलिन सोडून ती रचना करायला लागली. आता केस पांढरे व्हायला लागलेले, तरी आमच्याकडे आली की दारातच बूट काढून मोज्यांवर फिरायची, जशी पूर्वी फिरायची.

"कागदावर सूर आहेत, माएस्त्रो," ती म्हणाली. "पण गज कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते तुमच्या हातात आहे. तुम्ही वाजवा, मी ऐकते. मग ठरवते कुणाला काय द्यायचं."

दर गुरुवारी ती येऊ लागली. डोळे मिटून ऐकायची, आणि मग पेन्सिलीने भराभर खुणा करायची. "ही तान बासरीला. हे जे तुम्ही डाव्या बोटानं तार छेडता, ते सगळ्या चेलोवाल्यांना एकदम. आणि ही लांबलचक पळापळ आहे ना, ती मी तुमच्या मागे दोघं दोघं बसतात त्या सगळ्या जोड्यांना वाटणार. चार चार सूर. एकानं टाकले की दुसऱ्यानं उचलायचे. ऐकणाऱ्याला वाटायला हवं की एकच माणूस वाजवतोय, आणि असा माणूस जगात असू शकत नाही."

मी स्वयंपाकघरात चण्याच्या पिठाची फारिनाता कापत असायचे, आणि कान बैठकीच्या खोलीत. ओत्ताव्हियो फार हुशारीने वाजवायचा. करंगळीची जागा आली की हात अख्खा वर सरकवून तिसऱ्या बोटाने तो सूर घ्यायचा. नीव्हेसला एकदा जाणवलं.

"इथे घसरलात का?"

"माझ्या वयात माणूस घसरतोच, पोरी."

दोघं हसले. माझ्या हातातली सुरी फारिनातात अर्धवट राहिली होती.

सातवा मात्र सरकवून वाजवता येण्यासारखा नव्हता. त्यात मध्यावर एक जागा आहे, तिथे पहिलं बोट खाली दाबून धरायचं आणि करंगळीने दूरवर, हात न हलवता, सूर धरून तो थरथरवत ठेवायचा. एका गुरुवारी तो म्हणाला, आज थंडी आहे. पुढच्या वेळी म्हणाला, तारा नव्या आहेत, बसायच्यात. मग नीव्हेसच म्हणाली, "राहू दे, माएस्त्रो. सातवा मला पाठ आहे. लहान असताना तुमच्या दाराबाहेर पायरीवर बसून ऐकलाय. बाकी सगळे मी मोडले, वाटले, उलटे केले. सातव्याला हात लावणार नाही. तो आला की सगळे थांबतील. आणि तुम्ही एकटे, अखंड."

मी कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी होते. आता सांगेल, आता सांगेल, असं म्हणत त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"ठीक," ओत्ताव्हियो म्हणाला.

ती गेल्यावर मी विचारलं, "ठीक काय ठीक?"

"मग काय म्हणू? वाजवता येत नाही म्हणू?"

"हो. तेवढंच म्हणायचं."

"तू तुझी जपमाळ ओढ, पिएरीना."

त्यानंतर तो तारांखालच्या घोडीवर लाकडी चिमटा लावून, खिडक्या बंद करून सातवा घोटायचा. चिमट्याने आवाज दबतो, अगदी डास गुणगुणल्यासारखा होतो, पण भिंतीपलीकडून मला एकेक सूर कळायचा. माझी रोजची जपमाळ मी त्याच वेळी घेऊन बसायचे. "नमो मरिये" म्हणता म्हणता ती जागा जवळ येऊ लागली की बोटं मण्यावर थांबायची. तान वर चढायची, चढायची, आणि मग तिथे काहीच नसायचं. एखादी पायरी नसावी आणि पाय खाली जावा तसं. मग पुन्हा पहिल्यापासून. मी कितव्या मण्यावर होते ते विसरायचे आणि मीसुद्धा पुन्हा पहिल्यापासून.

पापनिवेदनाला गेले तेव्हा फादर रेमो या आमच्या म्हाताऱ्या पाद्रींना मी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "शब्द दिलाय तर गप्प बसा. पण त्याला विचारू नका असं काही त्यानं म्हटलंय का?" तसं म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आणखी एक नेम धरला. रोज सकाळी कोटाला ब्रश मारून देताना विचारायचे, "आज सांगशील?" तो म्हणायचा, "उद्या." रागावला नाही कधी. रागावला असता तर मला कमी भीती वाटली असती.

तालमी सुरू झाल्या. ओत्ताव्हियोच्या शेजारच्या खुर्चीवर बाचिच्चा कानेपा बसायचा. आमच्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणून मला "कोमारे" म्हणायचा. तालमीहून येताना तो बरेचदा आमच्याकडे डोकवायचा आणि खुर्ची उलटी फिरवून बसायचा.

"कोमारे, त्या नीव्हेसबाईनं आम्हाला माकडं करून टाकलंय. तान पहिल्या जोडीकडून निघते आणि शेवटच्या जोडीला पोचेपर्यंत मरते. पास्तोरीनो मागे बसून म्हणतो, मी माझी पाळी कानानं ऐकून वाजवतो. अरे गाढवा, कानानं ऐकलंस म्हणजे उशीर झालाच. आवाजाला तुझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. पुढे बघ. ओत्ताव्हियोचा गज बघ, आणि डोळ्यानं वाजव. तेव्हा कुठे जमलं. आता सगळेच्या सगळे याच्याकडे टक लावून बसतात. नव्या नवरीकडे बघावं तसं."

"तूसुद्धा?" ओत्ताव्हियोने विचारलं.

"मी तर सगळ्यात जवळ बसतो," बाचिच्चा म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला नाही.

ओत्ताव्हियो आत कपडे बदलायला गेला. बाचिच्चाने खुर्ची माझ्याकडे ओढली. "कोमारे, त्याची करंगळी तारेवर पडते, पण दाबत नाही. काय झालंय?"

मी ताटल्या पुसत राहिले. एकच ताटली पुसत होते.

"बरं," तो हळूच म्हणाला. "तू बोलायचं नाहीस असं दिसतंय. मग ऐक. सातव्याच्या तालमीला तो रोज वाद्यवृंदाच्या संचालकांना म्हणतो, हे माझं एकट्याचं आहे, तुमचा वेळ कशाला घालवू, पुढचं घ्या. आणि संचालक पुढचं घेतात. मुख्य तालमीला तसं चालणार नाही. घरची माणसं असतात, नाट्यगृहाचे वरचे लोक असतात. तिथे तो उताणा पडेल, कोमारे."

जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. 

मुख्य तालमीच्या आदल्या दुपारी मी शुक्रवारचा उपास म्हणून चर्चमध्ये जाऊन आले. घरात शिरले तर ओत्ताव्हियो खिडकीपाशी उजेडात बसला होता. व्हायोलिन मांडीवर, आणि हातात माझ्या शिवणाच्या डब्यातली बारीक कानस. सगळ्यात बारीक तारेच्या बुंध्याशी, जिथे ती घोडीवरून खाली उतरते तिथे, तो अगदी हलक्या हाताने घासत होता. बाळाचं नख कापावं तसं.

"हे काय करतोयस?"

तो दचकला नाही. "तारा तुटतात. सातव्याच्या सुरुवातीला गज जोरात पडतो, तिथे ही तुटेल. संचालक पुढच्या भागावर उडी मारतील. मग परवा मला ताप येईल, आणि कार्यक्रमात सातवा गाळतील. संपलं."

"हे खोटं आहे, ओत्ताव्हियो."

"खोटं तारेचं. माझं नाही."

त्या संध्याकाळी जपमाळ घेऊन बसले, पण काय मागावं तेच मला कळेना. तार तुटू दे म्हणू? म्हणजे माझ्या नवऱ्याचं खोटं पार पाड म्हणून देवमातेला सांगू? तुटू देऊ नको म्हणू? म्हणजे सगळ्यांसमोर तो उताणा पडू दे म्हणू? शेवटी काहीच मागितलं नाही. नुसते शब्द म्हणत गेले.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहात पाचव्या रांगेत मी बसले. आजूबाजूला वादकांच्या बायका, कुणाची आई, कुणाची मुलं. वरच्या कठड्याशी नाट्यगृहाचे अधिकारी. नीव्हेस मांडीवर कागद पसरून एकटीच पुढे बसली होती, पायांत नेहमीप्रमाणे नुसते मोजे.

वाद्यवृंद सुरू झाला. मला त्या रचनेची भीती वाटली. ओत्ताव्हियोने घरात वाजवलेले तुकडे मी भिंतीपलीकडून आयुष्यभर ऐकले होते. ते आता सगळीकडून येत होते, तुताऱ्यांतून, ढोलांतून, एकाच वेळी ओळखीचे आणि परके. आपल्या माणसाचा आवाज अनोळखी माणसांच्या तोंडून यावा तसं वाटत होतं. मग ती वाटलेली तान आली. पहिल्या जोडीकडून निघाली, दुसऱ्या, तिसऱ्या, वीज खांबाखांबावरून पळावी तशी मागपर्यंत गेली आणि परत पुढे आली. परत आली तेव्हा ओत्ताव्हियोने गज टाकला, आणि तार तिथेच तुटली. सातवा यायच्या आधीच.

तार तुटल्यावर काय करायचं हे वाद्यवृंदात कुणाला सांगावं लागत नाही. पहिल्या खुर्चीचं वाद्य कधी थांबत नाही. म्होरक्याची तार तुटली की तो शेजाऱ्याचं व्हायोलिन घेतो, शेजारी मागच्याचं घेतो, असं करत तुटलेलं व्हायोलिन शेवटच्या जोडीपर्यंत जातं, आणि तिथला माणूस त्याला नवी तार चढवतो. आयुष्यभर ओत्ताव्हियोने हेच केलं होतं. आत्ताही त्याचा हात बाजूला गेला, बाचिच्चाने आपलं व्हायोलिन त्यात ठेवलं, आणि त्याचं स्वतःचं मागे मागे निघालं. सगळं इतक्या पटकन झालं की तानेत एक सूरही कमी झाला नाही.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. पाचव्या रांगेतून मला त्याची मान ताठ होताना दिसली. त्याच्या हातात आता चारही तारा धड असलेलं व्हायोलिन होतं. ते त्याने स्वतःच मागून घेतलं होतं. कानस मारताना त्याने सगळ्याचा विचार केला होता, फक्त स्वतःच्या हाताच्या सवयीचा नाही.

वाद्यवृंद थांबला. सगळे गज खाली आले. सातवा आला होता.

मी जपमाळ मुठीत धरली. मागे, शेवटच्या जोडीत, पास्तोरीनो तुटलेली तार दिव्याकडे धरून तिचं टोक न्याहाळत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली होती. आता तो शेजाऱ्याला दाखवेल, शेजारी पुढच्याला. 

ओत्ताव्हियोने सुरुवात केली. सुरुवात उत्तम झाली. नीव्हेसने डोळे मिटून मान किंचित वाकडी केली, पायरीवर बसलेल्या पोरीसारखी. तान चढू लागली. एक एक सूर मला ठाऊक होता, कुठे काय येणार ते ठाऊक होतं, आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय सांगणार होते? ती जागा आली. तिच्या एकच सूर अलीकडे ओत्ताव्हियोने गज उचलला आणि पुन्हा टेकवला नाही.

कुणीतरी खोकलं. संचालक वाट बघत राहिले. त्याने व्हायोलिन खांद्यावरून काढून गुडघ्यावर ठेवलं.

"पास्तोरीनो," तो मागे न वळता म्हणाला. "शोधू नकोस. कानस मीच मारली."

पास्तोरीनोने हातातली तार खाली ठेवली.

"नाताळापासून माझी करंगळी मेलेली आहे. ही जागा मला वाजवता येत नाही. मी लपवलं."

त्याचा आवाज अगदी साधा होता, आमच्याकडे पीठ संपलंय असं सांगावं तसा. मी खाली मान घातली. वर बघायचा धीर होईना. वरच्या कठड्यावर कुजबूज सुरू झाली, आणि आता हे जिन्याजिन्यानं उतरणार, बंदरापर्यंत जाणार, हे मला स्वच्छ दिसलं.

मग बाचिच्चा म्हणाला, "म्हणजे माझ्या व्हायोलिनचा दोष नाही. चला, तेवढं तरी बरं झालं."

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. नीव्हेस मोज्यांवरच मंचावर चढली. तिचा चेहरा रागीट होता. ओत्ताव्हियोसमोर ती उकिडवी बसली.

"मला सांगता आलं नाही तुम्हाला? इतके गुरुवार?"

"नाही आलं."

"मी वेडी. मी तुमच्यासाठीच हा न मोडता ठेवला होता." तिने नाक पुसलं आणि कानामागची पेन्सिल काढली. "कुठपर्यंत येतो?"

"आत्ता थांबलो तिथपर्यंत."

"खात्रीनं?"

"तिथपर्यंत खात्रीनं."

"मग तिथून हा मोडावा लागेल. बाचिच्चा, तो वरचा सूर तू धर. थरथर त्याच्याकडून शिक. माएस्त्रो, त्याला दाखवा. करंगळीनं नाही तर तोंडानं सांगा. पुढची उतरण मी मागच्या जोड्यांना वाटते. उद्यापर्यंत लिहून देते."

"उद्या कार्यक्रम आहे," संचालक म्हणाले.

"ते मला माहीत आहे," नीव्हेस म्हणाली.

कार्यक्रम झाला. त्या जागेपाशी सूर ओत्ताव्हियोकडून बाचिच्चाकडे गेला, आणि माझ्या शेजारच्या बाईला काही कळलं नाही, किंवा कळूनही तिने दाखवलं नाही.  टाळ्या संपायच्या आत मी बाहेर हवेत येऊन उभी राहिले. आठवड्याभरात नाट्यगृहाने पहिली खुर्ची बाचिच्चाला दिली. ओत्ताव्हियोला सांगितलं, हाताचं काय ते ठरेपर्यंत दुसऱ्या जोडीत बसा. बाचिच्चा आमच्याकडे येऊन भांडला, म्हणाला, मी बसणार नाही. ओत्ताव्हियो म्हणाला, "बस की. माझ्यापेक्षा तुझी पाठ सरळ आहे." बाजारात मासेवालीने मला काही विचारलं नाही. नुसतीच एक सार्डिन जास्त टाकली, आणि मला ते विचारण्याहून जड गेलं.

मग आम्ही डॉक्टरकडे गेलो. ओत्ताव्हियोनेच दिवस ठरवला.

डॉक्टर म्हणजे एक ठेंगणा, शांत माणूस. त्याने ओत्ताव्हियोला डोळे मिटायला सांगितलं आणि बारीक सुई करंगळीच्या टोकाला टोचली.

"लागलं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

 मग डॉक्टरने त्याची बाही वर सारली आणि कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेत, दोन बोटांनी टिचकी मारली. ओत्ताव्हियोचा हात झटक्याने उडाला.

"लागलं," तो म्हणाला. "पार बोटापर्यंत."

"नस इथे दाबली गेली आहे. कोपर वाकवून आयुष्य काढलंत तुम्ही. कधीपासून आहे हे?"

"मुंग्या शरदात. नाताळापासून काहीच नाही."

डॉक्टरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मुंग्या येत होत्या तेव्हाच आला असतात, तर..." आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

 मी ओत्ताव्हियोकडे बघितलं. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, कुणी उघडायला सांगितलं नव्हतं.

"आता आलोय," तो म्हणाला. "परत येईल का, ते सांगा."

"कापून नस मोकळी केल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आणि केल्यावरही लगेच नाही."

ओत्ताव्हियोने मान हलवली आणि उजवा हात माझ्या दिशेने पुढे केला. मी तो धरला. डॉक्टरने दिवा जवळ ओढला, सुई पुसली आणि करंगळीच्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली.